गुणाजीचा कान

अंधेरीहून साकीनाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पिठाच्या गिरणीला भिंत लावून असलेल्या गॅरेजात गुणाजी परब मोठा मेस्त्री होता. तो गाडी कानाने लावतो, अशी त्याची ख्याती होती. इंजिन चालू ठेवायचं, मान तिरपी करून पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या कार्बुरेटरच्या तोंडाशी कान न्यायचा आणि स्क्रू पाव आटा इकडे, अर्धा आटा तिकडे फिरवायचा. इंजिन कसं गरीब गाईसारखं उभं राही. जुहूच्या डॉक्टरांपासून मालाडच्या कंत्राटदारापर्यंत माणसं गाडी घेऊन यायची ती या कानासाठी. मालकासाठी कुणीच येत नव्हतं आणि हे मालकाला, म्हणजे चंद्रप्रकाशला, मिरचीसारखं झोंबत होतं. बाप वारला म्हणून गॅरेज हाती आलेला हा माणूस. जाता जाता बाप सर्वांसमोर सांगून गेला होता की गुणाजीला कधी काढायचं नाही.

आता खरं सांगायचं तर तो कान मेलेला होता. गॅरेजात येण्याआधी गुणाजीने लालबागच्या एका कापडगिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, नऊ वर्षं काढली होती. साच्यांच्या खडखडाटाने तेव्हा जे कुरतडायला घेतलं, ते बावन्नाव्या वर्षी संपवलं. उजवा कान ठार बंद आणि डाव्या कानात दिवसरात्र नुसती घरघर, इंजिन चालू असो की बंद. पण गडी हुशार. लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर तो इंजिनावर टेकवी आणि मूठ दातांत धरी. इंजिनाची थरथर जबड्यातून डोक्यात चढे आणि कानापेक्षाही नेमकं सांगे. लोकांना वाटे, जुन्या मेस्त्र्याची लकब आहे. माणसांचं बोलणं तो ओठांवरून ओळखे आणि नाहीच कळलं तर कपाळाला आठी घालून गप्प बसे. त्याला लोक तिरसट म्हणत. बहिरा म्हणण्यापेक्षा ते बरं होतं.

ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, बायको मालनला आणि तिचा भाऊ बाळा याला. बाळा पस्तिशीचा. गुणाजीनेच त्याला गावाहून आणलं, घरात ठेवून घेतलं आणि हाताला धरून काम शिकवलं. गॅरेजात तो कायम गुणाजीच्या डाव्या अंगाला असे. गिऱ्हाईक पाठमोरं बोललं की बाळा ते गुणाजीच्या समोर येऊन पुन्हा बोले. त्या बाळावर गुणाजीचा जीव होता.

छप्पन सालच्या मार्गशीर्षात वकील श्यामकांत कोतवाल आपली गाडी घेऊन आले. अडतीस सालची काळी अमेरिकन गाडी, सहा सिलिंडर एका ओळीत. तिच्या कार्बुरेटरच्या अंगालाच तडा गेला होता. परदेशी माल येणं जवळजवळ बंद झालेलं, तेव्हा नवा मिळणं अशक्य. वकिलांनी जुन्या बाजारातून दोन उचलून आणले. एक लहान, एका नळीचा, त्याच काळातल्या गाडीवरचा. दुसरा लढाईतल्या लष्करी लॉरीवरचा, दोन नळ्यांचा, नारळाएवढा.

"हा मोठा बसव," वकील म्हणाले. "गाडी नुसती उडाली पाहिजे."

गुणाजीने दोन्ही हातात घेऊन पाहिले, नळीत बोट घालून पाहिलं. "लहान बसवा, वकीलसाहेब. सहा जणांची पंगत आहे ही. मोठ्या पळीनं घाईघाईनं वाढलं तर मधल्यांच्या पानातनं ओघळणार आणि कडेचे दोघे उपाशी राहणार. पेट्रोल फुकट जाईल, धूर निघेल आणि ओढ काहीच नाही."

वकिलांना कोर्टात कुणी असं ऐकवत नसे. त्यातून चार मित्र सोबत होते. ते हसले, पण डोळ्यांनी नाही.

"एवढं कळतं तुला? मग परीक्षा होऊन जाऊ दे. रविवारी ये. डोळे बांधून बसायचं. आम्ही यातला एक चढवून इंजिन चालू करणार. कुठला आहे ते तू कानानं सांगायचं. बरोबर सांगितलंस तर लहान बसव, मी चकार शब्द काढणार नाही."

"आणि चुकलात तर, काका," चंद्रप्रकाश गोड आवाजात म्हणाला, "मोठ्या मेस्त्रीची जागा सोडायची. कान गेलेला माणूस गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावतो, हे बरं नाही ना."

कान गेलेला! गुणाजीने चटकन वर पाहिलं. पण मालकाच्या तोंडावर काहीच दिसेना. सहज बोलला असेल. नाही म्हणावं तर संशय पक्का आणि हो म्हणावं तर डोळे बांधल्यावर ओठही गेले.

"दातात स्क्रूड्रायव्हर धरीन," तो म्हणाला.

"कान दातात असतो का रे तुझा?" वकिलांनी विचारलं आणि चौघे मित्र खो खो हसले.

घरी मालनने सगळं ऐकून घेतलं. "सरळ सांगा ना," ती त्याच्यासमोर बसून सावकाश म्हणाली, "माका ऐकाक येणा नाय म्हणान. कोण काय खातला तुमका?"

"आणि मगे खंय जांव? गावाक? थंय काय आसा?"

तेव्हा बाळाने तोड काढली. "मी तुमच्या पाठी उभो रवतलंय, भावजी. खांदो एकदा दाबलंय तर ल्हान, दोनदा दाबलंय तर मोठो. काळजी करू नकात."

गुणाजीला लाज वाटली. अठ्ठावीस वर्षांत कामात लबाडी केली नव्हती. पण तो स्वतःशी म्हणाला, निकाल तर खराच द्यायचाय ना, लहानच बरोबर आहे ना, मग एवढी लबाडी चालेल. भीती पोटात असली की माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो.

रविवारी सकाळी गॅरेजात पंचवीस-तीस माणसं जमली. चंद्रप्रकाशने झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप धाडले होते, चहा मागवला होता. गुणाजीला गाडीपासून चार हातांवर स्टुलावर बसवलं. बाळाने त्याच्या डोळ्यांवर उपरणं बांधलं, घट्ट गाठ मारली आणि मागे उभा राहिला.

काळोख आणि घरघर, एवढंच जग उरलं. गुणाजी चपला काढून बसला होता. तळवे त्याने शहाबादी फरशीवर सपाट टेकवले आणि वाट पाहत राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. मग तळव्यांना थरथर लागली, बारीक आणि एकसारखी. त्याचा जीव भांड्यात पडला. लागलं इंजिन! पाठोपाठ बाळाचा हात उजव्या खांद्यावर आला. एकदा दाबला आणि उचलला.

"लहान," गुणाजी म्हणाला.

एवढ्यावर थांबला असता तर. पण भर गर्दीत माणसाची कला सिद्ध होत असली की त्याला थांबवत नाही. त्यातून लबाडी झाकायची होती. त्याने मान तिरपी केली, बोट वर केलं.

"लहानच. कसा एका लयीत चाललाय बघा. तिसऱ्या सिलिंडरला हवा जरा जास्त होतेय, स्क्रू पाव आटा आत घ्यायला हवा. बाकी झकास. वकीलसाहेब, असंच इंजिन दहा वर्षं वाजेल. अहाहा, ऐका!"

पुन्हा खांदा दाबला गेला नाही. कुणी डोळेही सोडेना. शेवटी त्यानेच उपरणं वर सरकवलं.

गाडीचं बॉनेट उघडं होतं. कार्बुरेटर बसवायच्या जागी तेलकट फडक्याचा बोळा कोंबलेला होता. दोन्ही कार्बुरेटर समोरच्या टेबलावर वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवलेले होते, लहान आणि मोठा. इंजिन चालू झालंच नव्हतं, होणारच नव्हतं. भिंतीपलीकडे पिठाच्या गिरणीत कुणाचं तरी दळण पडलं होतं, त्याची ती थरथर.

सगळी तोंडं उघडी होती. त्याला हसू ऐकू येत नव्हतं, नुसते दात दिसत होते. वकील डोळे पुसत होते. जुहूचे डॉक्टर हसत नव्हते, ते कीव करत होते आणि ते जास्त लागलं. गुणाजीने वळून पाहिलं. बाळा खाली बघत होता. त्याच्या अंगावर नवा खाकी डगला होता, खिशावर गॅरेजचं नाव धाग्याने भरलेला, मोठ्या मेस्त्रीचा. उपरणं बांधताना तो डगला अंगावर नव्हता.

सगळं मालकाच्या कानावर घालणारा कोण, हे कळायला आता कान लागत नव्हता.

"ल्हानच बरोबर आसा," गुणाजी पुटपुटला. कुणी ऐकलं नाही.

चंद्रप्रकाशने त्याला काढून टाकलं नाही. बापाचा शब्द कसा मोडायचा? त्याने त्याला मागच्या टाकीवर सुटे भाग धुवायला बसवलं. वकिलांच्या गाडीला बाळाने मोठा कार्बुरेटर बसवला. लहान कार्बुरेटर टेबलावर, वर्तमानपत्र उडू नये म्हणून ठेवला. मालनने विचारलं, बाळा पाठीमागे असून असं कसं झालं? तिला माहेरचं दुसरं कुणी नव्हतं. गुणाजी म्हणाला, माकाच तो इशारो कळलो नाय. बाळा समोर बसून भाकरी खात होता. त्याने मान वर केली नाही.

महिन्याभराने वकील नवे पाहुणे घेऊन आले. गुणाजीची गंमत बघायला. अशी गंमत आता अधूनमधून होई. मालकाने हाक मारली की गुणाजी हात पुसत यायचा, स्टुलावर बसायचा, उपरणंही स्वतःच बांधायचा. नोकरी होती.

त्या दिवशी मात्र इंजिन खरोखर चालू होतं. गुणाजीने चपला काढल्या. तळव्यांना अडखळती थरथर लागली, नाकात कच्च्या पेट्रोलचा उग्र वास गेला. सबंध आयुष्यात इतकं स्पष्ट त्याला काही कळलं नसेल. मागून खांद्यावर बाळाचा हात आला आणि एकदा दाबला. म्हणजे लहान म्हणायचं होतं.

"मोठा आहे," गुणाजी म्हणाला. "मधल्यांना पेट्रोल जास्त होतंय. पहिला आणि सहावा उपाशी आहेत. वकीलसाहेब, इंजिन खराब होईल, हात जोडतो, तो काढा."

त्याने उपरणं सोडलं. वकील पोट धरून हसत होते. पाहुण्यांना ते काय सांगत होते ते त्याने ओठांवरून वाचलं. "बघितलंत? मी म्हटलं नव्हतं? इंजिन बंद असलं तरी अस्संच सगळं सांगतो!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. गाडी धक्के खात, काळा धूर ओकत रस्त्याला लागली आणि बाळा तिच्याकडे बघत फाटकात उभा राहिला. त्याला धूर दिसत होता, कारणही कळत होतं, पण ते आता कबूल कोण करणार? गुणाजीने उपरण्याची घडी घातली आणि तो पुन्हा टाकीवर जाऊन बसला.