झुरळाची वाट

फाइ-सेंग काकांना झुरळाची वाट वाचता येते. बाकारा या पत्त्यांच्या जुगारात बँकर आणि प्लेअर अशा दोन बाजू, त्यांतल्या एकीवर पैसे लावायचे; बँकरने डाव जिंकला की लाल गोल काढायचा, प्लेअरने जिंकला की निळा. त्या गोलांवरून मकावमधले जाणकार जी बारीक नक्षी काढतात, ती झुरळाची वाट. पुढचा डाव कुणाचा, हे म्हणे तिच्यात दिसतं.

मी अकरा वर्षं कसिनोत पत्ते वाटते. आम्हाला कायद्यानेच खेळायला बंदी आहे, म्हणून अक्कल शाबूत राहिली. गोल काढायला कार्ड आणि पेन्सिल कसिनोच फुकट देतो. स्वतःलाच बुडवणारी विद्या कुठला शेठ पदरमोड करून शिकवेल, हा साधा प्रश्न तिथे कुणालाच पडत नाही. बँकर जरा जास्त जिंकतो खरा, पण त्या जिंकण्यातून कसिनो शंभराला पाच कापून घेतो. आणि मागच्या डावात काय झालं, हे पत्त्यांच्या लक्षात राहत नाही.

काकांनी स्वतःची पेन्शन उडवली तोवर मी गप्प होते. पण आता त्यांचा डोळा बायकोच्या, योक-लिन मावशीच्या पैशांवर गेला. वीस वर्षं भाताची पेज विकून तिने ते भाड्याचा गाळा विकत घ्यायला साठवले होते. सोमवारी खरेदी होती. काकांचं एकच पालुपद, शनिवारचा एक दिवस दे, दोन गाळे घेऊ. मावशी नाही म्हणत होती, पण रोज जरा हळू आवाजात.

शेवटी मी एक भरलेलं कार्ड घेऊन गेले. काल रात्रीच्या टेबलाचं आहे, शेवटचे दहा गोल झाकून ओळखून दाखवा, म्हणाले. काकांनी चष्मा पुसला, नक्षी काढली आणि एकेक रंग सांगत गेले. दहापैकी सात बरोबर निघाले.

मी याचीच वाट बघत होते. म्हटलं, "काका, हे टेबल नाही. तुमच्या दारातल्या थांब्यावरच्या बस आहेत. पाटीवरचा शेवटचा आकडा सम आला की लाल, विषम आला की निळा. दोन सकाळी बसून लिहिलंय."

काकांचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, जिंकले.

मावशी पेजेचं पातेलं ढवळत सगळं ऐकत होती. तिने डाव खाली ठेवला, हात पुसले, आत गेली आणि बँकेचं पुस्तक आणून काकांच्या पुढ्यात ठेवलं.

"मावशी, अगं, मी काय सांगितलं ते कळलं ना तुला?"

"कळलं की," ती म्हणाली. "मी उगाच इतके दिवस शंका घेतली. ज्या माणसाला बससुद्धा ओळखता येते, त्याला पत्ते नाही ओळखता येणार?"

काका चष्मा पुन्हा पुसायला लागले. अकरा वर्षांत खुद्द कसिनोलाही जे जमलं नव्हतं, ते मी एका बैठकीत करून दाखवलं.