तुळसा डोलीतून उतरेना

मित्रांनो, डोली म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे झेंडूच्या माळा, लाजणारी नवरी आणि पुढे वाजणारी सनई येत असेल. ती डोली वेगळी आणि तिचं नशीबही वेगळं. मी सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळावरच्या, एका वाडीची जुनी डोली आहे. माझ्यात बसणारं माणूस कण्हत असे. रत्नागिरी जिल्ह्यात डोंगरावरच्या अशा कितीतरी वाड्यांना तेव्हा रस्ता नव्हता आणि आजारी माणूस खाली न्यायचं म्हणजे माझ्यासारखीलाच खुंटीवरून काढायचं.

मला काशीराम सुताराने घडवलं. त्याआधी वाडीतले लोक आजाऱ्याला घोंगडीत घालून बांबूला टांगून नेत. काशीरामच्या वडिलांना तसंच नेलं, तेव्हा म्हातारा तापातसुद्धा वाटभर ओरडत होता, "अरं, मना बसवून न्या रं! मी काय रानडुक्कर हाय?" म्हातारा बरा होऊन आला, पण त्याचं ते ओरडणं काशीरामला झोपू देईना. त्याने परसातला फणस पाडला. त्या पिवळ्या लाकडाची त्याने बैठक केली, टेकायला पाठ केली, पाय ठेवायला आडवी पट्टी केली. काथ्याचे चार दोर बांधून वर जाड बांबूचा दांडा घातला. पुढे एक माणूस, मागे एक आणि खांदा बदलायला दोन. एवढ्यावर मी डोंगर उतरत असे.

राहायला मला देवळाची पडवी होती. एरवी मी तिथे टांगलेली असे आणि वाडीतली मुलं माझ्याखाली काजूच्या बियांनी खेळत. त्यांची भांडणं मी इतकी ऐकली आहेत की कोण लबाडी करतं ते मी आजही सांगेन. निम्म्या मुलांचे बाप मुंबईला. शिमग्याला आणि गणपतीला ते पत्र्याच्या ट्रंका घेऊन येत, तेव्हा मुलं चार दिवस नव्या कपड्यांत मिरवत आणि मला विसरून जात. मला त्याचा राग येई, हे कबूल करते. बाप परत गेले की मुलं पुन्हा पडवीत जमत आणि हळूच माझा झोका करत. मग म्हातारी येसूबाई काठी घेऊन धावून येई. "उतरा रं! आजाऱ्याची ती!"

पण एक दिवस असा असे की मुलांना माझ्यात बसायची मुभा होती, नव्हे, बसावंच लागे. ती आमच्या वाडीची रीत होती. आजाऱ्याला खाली रस्त्यावर नेऊन दापोलीकडे जाणाऱ्या एसटीत बसवलं की डोलीवाले तिथेच जांभळीखाली निरोपाची वाट बघत. पुढच्या एसटीने दवाखान्यातून कुणीतरी येई. माणसाच्या जिवाचा धोका टळला असेल, तर परतताना माझ्यात बरोबर आलेलं एक मूल बसवायचं. माणूस गेला असेल, तर मी रिकामी यायचं. फोन वगैरे कुठला तेव्हा! वाडीतल्या बायका वरच्या कड्यावरून पाखाडीकडे, म्हणजे जांभ्या दगडाच्या त्या पायऱ्यांच्या वाटेकडे, डोळे लावून उभ्या राहत आणि माझ्यात मूल दिसलं की काय झालं ते त्यांना लांबूनच कळे.

मुलांची चंगळ असे. रस्त्यावरच्या दुकानातली लिमलेटची गोळी तोंडात आणि दोन माणसांच्या खांद्यावरून मिरवत घरी यायचं! वाडी दिसली की बसलेल्या मुलाने ओरडायचं, "डोली भरून आयली!" त्या हाकेवर बायका हसत, रडत, चुलीवर चहा ठेवायला धावत. त्या तीन शब्दांसाठी मी कितीही चढ चढले असते.

मालनची मुलगी तुळसा माझ्यात दोनदा बसली होती. तिसरीत होती. बापाचं नाव सहदेव. तो मुंबईला. घरात आई, आजी येसूबाई आणि चुलता भागोजी. तुळसा बसली की गप्प बसत नसे. वाटेतल्या प्रत्येक कुंपणाला, प्रत्येक रेड्याला ती बातमी सांगत असे. मला ती पोर फार आवडे.

आता त्र्याऐंशी सालचा तो दिवस सांगते.

चैत्र होता. भाताच्या रोपांची जमीन भाजायला लोकांनी तोडलेल्या फांद्या, वाळका पाला रचून ठेवला होता. मालनने सकाळी एक भारा उचलायला हात घातला आणि खाली नाग होता. तो मनगटाला डसला. भागोजीने दंडाला फडकं बांधलं, मला खुंटीवरून ओढून काढलं आणि मालनला बसवून सगळे निघाले. भागोजी, गंगाराम आणि आणखी दोघे. येसूबाई मागून पळत होती. तिच्या मागे तुळसा, हातात पाण्याचा तांब्या. तांब्यातलं पाणी वाटेतच सांडून गेलं होतं. ती रिकामा तांब्या घेऊन धावत होती.

मी माझ्या आयुष्यात इतक्या वेगाने डोंगर उतरले नाही. मालन शुद्धीत होती. तिची मान माझ्या पाठीवर इकडून तिकडे होत होती आणि ती मधून मधून एवढंच म्हणत होती, "पोरीला मागं ठेवू नका गो." नशिबाने एसटी उभीच होती. गंगाराम आणि येसूबाई तिला घेऊन चढले. तुळसाही चढायला गेली, तर भागोजीने तिला कमरेला धरून खाली उतरवलं. "तू आमच्याबरोबर ऱ्हा. आये येल बरी व्हवून."

मग आम्ही जांभळीखाली थांबलो. दुकानदाराने तुळसाला लिमलेटची गोळी दिली. तिने ती खाल्ली नाही, मुठीत धरली. ती माझ्या पायपट्टीवर हात ठेवून बसली होती. ऊन सरकत दुपार कलली.

एसटी आली. गंगाराम उतरला. त्याने भागोजीला बाजूला नेलं, पण माझा दांडा जांभळीला टेकलेला होता आणि ते दोघे तिच्याच आड उभे होते. मला सगळं ऐकू आलं. मालन दवाखान्यापर्यंत पोचलीच नव्हती. ती एसटीतच, सासूच्या मांडीवर गेली. येसूबाई तिला ट्रकमधून घेऊन संध्याकाळपर्यंत येणार होती. सहदेवला तार गेली होती.

भागोजी परत आला तेव्हा तुळसा उठून उभी होती. तिने चुलत्याचं तोंड बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. वाडीतल्या प्रत्येक मुलाला रीत पाठ होती, तशी तिलाही होती.

"काका," ती म्हणाली, "डोली रिकामी नेताव काय?"

मित्रांनो, त्या माणसाला वाईट म्हणू नका. मीही बरीच वर्षं म्हणत होते, आता म्हणत नाही. समोर आठ वर्षांची पोर, तिचा तो प्रश्न आणि पुढे तासाभराची चढण. मला रिकामी उचललं असतं तर त्याच क्षणी, त्या रस्त्यावर, बस थांबलेली असताना तिला कळलं असतं. त्याच्याने ते झालं नाही.

"नाय गो बाय," भागोजी म्हणाला. "रिकामी कशाला? तू बस."

तुळसाचा चेहरा असा उजळला की गंगाराम पाठ फिरवून उभा राहिला. ती माझ्यात चढली. गोळी तोंडात टाकली. पुढचा दांडा भागोजीच्या खांद्यावर होता आणि तो खांदा थरथरत होता. तो थरथराट दांड्यातून, दोरांतून माझ्या बैठकीपर्यंत येत होता. तिला वाटलं डोली हलतेय. "काका, हळू चला ना," ती हसून म्हणाली. मी ओरडायला हवं होतं. पण लाकडाला कसला आवाज! मी नुसती कुरकुरत राहिले.

आणि भागोजीला जे सुचलंच नाही, ते पुढे घडलं. तुळसाला सांभाळायच्या नादात तो विसरला की वर कड्यावर सगळी वाडी उभी आहे.

वळणावर घरं दिसली. तुळसा उठून उभी राहिली आणि सगळा जीव गोळा करून ओरडली, "डोली भरून आयली! माजी आये बरी झायली!"

वरून एकदम कल्ला झाला. बायका हात जोडून देवळाकडे वळल्या. शेजारची कमळा सकाळपासून काही न खाता उभी होती. ती गूळ घेऊन धावत खाली आली आणि तुळसाच्या तोंडात खडा घालून तिचे मुके घेऊ लागली. कुणीतरी म्हणालं, नारळ वाढवा. भागोजी तसाच दांडा खांद्यावर घेऊन चालत होता, खाली मान घालून.

पडवीत मला टेकवलं तेव्हा त्याने कमळाच्या नवऱ्याच्या कानात सांगितलं. त्याने आणखी एकाला. मी ते पसरताना बघितलं. एका चेहऱ्यावरचं हसू गेलं, मग दुसऱ्या, मग सगळ्यांच्या. कमळाने तोंडावर पदर दाबला. आणि या सगळ्यांच्या मधोमध, माझ्या बैठकीवर, गालात गूळ धरून तुळसा बसली होती आणि एकेका चेहऱ्याकडे बघत होती.

"उतर बाय," भागोजी म्हणाला.

ती उतरेना. तिने दोन्ही दोर घट्ट धरले.

"उतर गो, घरी चल."

"मी नाय उतरनार," ती म्हणाली. "मी उतरली तर डोली रिकामी व्हईल."

बायकांना तिथे उभं राहवेना. पुरुष तिरडीसाठी बांबू तोडायला गेले. कमळाने पुन्हा पुन्हा हाक मारली, भागोजीने हात धरून बघितला, तर ती किंचाळली. मग तिला कुणी हात लावला नाही. ती बसून राहिली, पाणीसुद्धा न पिता. तिच्या तळव्यांचा घाम माझ्या काथ्याला लागत होता. इतकी माणसं मी वाहिली, पण कुणी मला असं धरलं नव्हतं. ती वजन देऊन बसली होती, मला भरलेली ठेवत होती. आणि माझ्या हातात काहीच नव्हतं, मित्रांनो. मी फणसाचं लाकूड. मला कुणाला वाचवता आलं असतं तर मी सकाळीच नसतं का वाचवलं?

दिवस मावळायच्या सुमारास येसूबाई पाखाडी चढून आली. माणसं मालनला घेऊन मागून येत होती. म्हातारी पुढे आली, तिने तुळसाला बघितलं आणि काय झालंय ते तिला कुणी सांगावं लागलं नाही. ती माझ्याजवळ खाली जमिनीवर बसली. तिने पोरीला ओढलं नाही.

"तुळसा," ती म्हणाली, "तुजी आये गेली गो. एसटीत गेली. माज्या मांडीवर डोका होता तिचा."

"मी डोलीत बसलीय," तुळसा म्हणाली.

"व्हय. बसलीस. सकाळपासनं तू लय केलास." येसूबाईचा आवाज फुटला, तिने तो सावरला. "पन बाय, डोलीत कोन बसला म्हनून मानूस वाचत नाय. तुजा काय चुकला नाय. आनि तू उतरलीस म्हनून ती जायाची नाय. ती गेलीच हाय."

मग तुळसाने विचारलं, "माजा नाव घेतला काय तिनं?"

"घेतला. दोनदा."

तेव्हा तिने माझे दोर सोडले. आधी एक, मग दुसरा. स्वतःच्या पायांनी खाली उतरली आणि आजीच्या कुशीत शिरून जी रडली, ती सहदेव दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन पोचला तरी रडतच होती.

वाडीने ती रीत त्या वर्षीच बंद केली. पुढे डोलीच्या आधी एक माणूस येई आणि घरोघर तोंडाने सांगे, बरं असो की वाईट. भागोजीने पुन्हा माझ्या दांड्याला खांदा दिला नाही. तुळसा त्याच्याशी वर्षभर बोलली नाही, आणि तोही त्याबद्दल तिच्यावर रागावला नाही.

सत्त्याऐंशीत खालून रस्ता आला, जीप आली. माझं काम संपलं. आता मी देवळामागच्या खोपीत मोडक्या खुर्च्यांखाली पडून आहे. फणसाच्या लाकडाला सहसा लागत नाही म्हणतात, पण माझ्या पायपट्टीला वाळवी लागली आहे. लागू दे.

अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू आपली निगा राखा म्हणून विनवतात. मी तसं म्हणणार नाही. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. एखाद्या दिवशी एखादं लहान मूल तुमच्या तोंडाकडे बघून विचारील, आणि उत्तर तुमच्या गळ्यात अडकेल. तेव्हा त्याच्या हातात गोळी देऊ नका, त्याला झोक्यावर बसवू नका. त्याच्याजवळ खाली जमिनीवर बसा आणि खरं सांगा. मग ते उतरेपर्यंत तिथून उठू नका.