बिनखुर्चीचा दवाखाना

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. माझं नाव 'सुटसुटीत'. अडचण जावी, हातपाय मोकळे व्हावेत आणि कामाचं मात्र काहीच जाऊ नये, एवढाच माझा अर्थ. पुण्यात माझे दिवस छान गेले. एका पिशवीत गावाला निघणाऱ्याचं सामान सुटसुटीत, पदर खोचून कामाला लागलेल्या बाईची साडी सुटसुटीत, आणि चटकन आटोपलेलं भाषण तर फारच सुटसुटीत!

मग परदेशी कंपन्या आल्या, काचेच्या इमारती उठल्या. मोबाइल असो, वेबसाइट असो, ज्याच्या त्याच्या तोंडी मी. मलाही बरं वाटायचं. अशातच सदाशिव पेठेतल्या एका हाडांच्या दवाखान्याने मला काचेच्या दारावर चिकटवलं: 'आता नव्या, सुटसुटीत रूपात'. आत पाहतो तर बाकं गायब! चकचकीत फरशी आणि भिंतीवर नंबर दाखवणारा स्क्रीन. दुखऱ्या गुडघ्यांचा दवाखाना, आणि बसायला जागा नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

एका दुपारी खडकवासल्याकडचे कोंडीराम आले. सोबत त्यांची मुलगी नम्रता, आयटी कंपनीत नोकरी करणारी. स्वारगेटला रिक्षा मिळाली नाही म्हणून दोघं चालत आले होते. कोंडीराम आधी भिंतीला टेकले, मग फरशीवरच बसू लागले.

"आजोबा, इथे बसू नका, लुक जातो," काउंटरवरचा अभिनव म्हणाला.

"उभं ऱ्हावत न्हाय, बाबा. जातो मी घरी." म्हातारा खरंच दाराकडे वळला.

नम्रताने त्यांना धरलं. "अहो, पेशंटने बसायचं कुठे?"

"मॅडम, नवीन डिझाइन आहे. सुटसुटीत."

"हो का? मग गुडघेही बाहेर काढून ठेवायचे का, चपलांबरोबर?"

ती तडक डॉक्टर हेमाताईंच्या खोलीत शिरली. "डॉक्टर, जरा उठता का?" त्या गोंधळून उठल्या. नम्रताने त्यांची चाकांची खुर्ची खडखडत बाहेर ओढली आणि वडिलांना तीत बसवलं.

डॉक्टर मागोमाग आल्या. त्यांनी म्हाताऱ्याचे सुजलेले गुडघे पाहिले आणि तिथेच फरशीवर बसून तपासायला लागल्या. मग मान वर करून विचारलं, "अभिनव, आपली बाकं कुठे आहेत?"

"विकली, मॅडम. तुम्हीच म्हणालात ना, अडगळ आहे."

डॉक्टरांनी मान खाली घातली आणि म्हाताऱ्याचा दुसरा गुडघा तपासायला घेतला.

मित्रांनो, मला जरूर वापरा. पण त्याआधी एखाद्या थकल्याभागल्या माणसाला आत बोलवा. तो कुठे बसतो ते पाहा, आणि मगच माझं नाव घ्या.