पाहणीआधी मला पुसू नका

मी खुर्ची बोलतेय. ऐकताय ना? की नुसतं ऐकल्यासारखं करताय? रागावू नका, माझा स्वभावच संशयी आहे. दोन्ही बाजूंना गाद्या, छातीला पट्टा, पाय टेकवायला फळी आणि खाली चार चाकं. ज्या मुलांची पाठ आपली आपण ताठ राहत नाही, त्यांच्यासाठी मला बनवलंय.

हा संशय मला दुकानात चिकटला. कोणी स्वतःच्या खिशातून पैसे देणार असलं की दुकानदार माझी एक किंमत सांगायचा, आणि सरकारी अनुदानातून घेणार म्हटलं की दुसरी, चांगली चढी. तोंडावरचं हसू मात्र दोन्हीकडे सारखंच.

मला न्यायला आलेली बाई त्याच्या वरताण निघाली. तिने अनुदानाचं नावच काढलं नाही. किंमत लिहून घेतली, खाली शिक्का मारून घेतला आणि मग म्हणाली, "हां, पैसे सरकारकडून येतील बरं का." दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आमच्या दोघींचं तिथेच जमलं.

तिची मुलगी भिंगरी. हे नाव आजोबांनी, म्हणजे बाईच्या वडिलांनी ठेवलेलं. पोरीला चालता येत नाही, पण डोळे सगळ्या घरभर फिरत असतात. बोलते थोडं आणि सावकाश. पहिल्या दिवशी माझ्यात बसली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दिसतंय!" तोवर ती आडवीच असायची. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

भिंगरीचं अनुदान दरवर्षी मंजूर होतं, पण खात्याखात्यांत बांधलेलं. मदतनीस बाईंचे तास एका खात्यात, व्यायाम घेणाऱ्या ताई दुसऱ्यात, माझ्यासारख्या वस्तू तिसऱ्यात. इकडचं तिकडे वळवलं की नोटीस येते. शिल्लक राहिलं की पुढच्या वर्षी कपात, कारण 'यांना गरज दिसत नाही'. आई भाजी चिरता चिरता हा सगळा हिशेब डोक्यात फिरवत असते. मदतनीस बाई आल्या की ती घड्याळाकडे बघते, आणि बाई तिच्याकडे बघतात. चहा दोघी एकत्र घेतात, तरी ते बघणं काही थांबत नाही.

भिंगरी वाढत गेली. मी काही वाढले नाही. एक दिवस आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिला आता बदलायलाच हवं."

झालं! इतकी वर्षं पोरीला सावरलं, आणि आता मी नकोशी. मी कान टवकारून बसले. तेव्हा व्यायामाच्या ताईंचं बोलणं कानावर आलं, "घट्ट खुर्चीत ही एका अंगावर कलते. असंच राहिलं तर कणा वाकेल, आणि वाकलेला कणा मग सरळ होत नाही." पण मोठी खुर्ची मिळायची तर आधी अनुदान देणाऱ्यांकडून घरी पाहणी होणार होती.

आईने सगळ्यांना बजावलं, "खुर्चीला कोणी हात लावायचा नाही. आहे तश्शी दिसू दे."

पाहणीच्या सकाळी ती औषधं आणायला गेली आणि आजोबा फडकं, तेल, सुई-दोरा घेऊन आले. "घरात परकं माणूस येणार आणि पोरीची खुर्ची अशी कळकट?" असं पुटपुटत त्यांनी मला घासून लख्ख केलं. चाकांना तेल दिलं, फाटक्या गाद्यांना ठिगळं लावली. पट्टा अपुरा पडत होता, त्याला तशाच रंगाची पट्टी जोडली. मला वाटलं, हे मला विकणार. एवढं पुसतात ते विकायच्या वस्तूलाच.

आई आणि पाहणीच्या मॅडम एकदमच दारात आल्या. मला बघून आईचा चेहरा उतरला.

"खुर्ची तर नव्यासारखी आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत मला माझाच संशय दिसला. त्यांनी भिंगरीला विचारलं, "बाळ, बसायला त्रास होतो का?"

भिंगरीने आजोबांकडे पाहिलं. ते अभिमानाने फुलून उभे होते. तिने माझ्या हातावर हात फिरवला आणि म्हणाली, "नाही. छान आहे."

आईने हातातली औषधं खाली ठेवली. "बाबा, काय केलंत हे?"

आजोबांना समजायला एक क्षण लागला. आपलं मन राखायला पोर खोटं बोलली, हे कळल्यावर मात्र त्यांनी कात्री आणली आणि पट्ट्यावरची स्वतःची शिलाई टराटरा उसवली. "ही पट्टी माझी आहे, मॅडम. खुर्चीची नाही. आता पट्टा लावून बघा."

"आता माझ्यासमोर मुद्दाम उसवताय होय?" मॅडम म्हणाल्या.

"मग माझ्यावर विश्वास ठेवू नका," आजोबा म्हणाले. " तिच्या मांडीजवळ हात घालून बघा."

मॅडम गुडघ्यावर बसल्या. भिंगरी आणि माझी गादी यांच्यात त्यांचं बोटसुद्धा शिरेना. त्यांनी हळूच फ्रॉक सरकवला. मांडीवर माझ्या कडेचा लाल वळ होता. मीसुद्धा तो तेव्हाच पाहिला. जगावर संशय घेत बसले, पण पोरीला टोचत होते ती मीच.

मॅडमनी फ्रॉक पुन्हा नीट केला. मग म्हणाल्या, "पोरीला बाहेर काढा आधी."

आता मोठी खुर्ची आली आहे. तिच्यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण भिंगरी तिच्यात सरळ बसते. मी दाराशी उभी आहे. उद्या एका लहान मुलाकडे जाणार. माझ्या पट्ट्याला आजोबांचे दोरे अजून लोंबतायत.

माझ्या नव्या घरच्यांनो, एवढंच मागते. मूल माझ्यात रोज बसवा, आणि रोज उठवल्यावर त्याच्या मांड्या बघा. मी त्याला आवडले, तरीही बघा.