बोट चार वाजता सुटते

"बोट चार वाजता सुटते," टूर मॅनेजर घड्याळाकडे बघत म्हणाला. "मावशी, तुमचीही बॅग बोटीवरून उतरवून घेऊ ना?"

मावशी नवऱ्याच्या प्लॅस्टरमधून बाहेर आलेली पायाची बोटं एकेक दाबून बघत होत्या. बोटं गरम होती, रंग ठीक होता. चौतीस वर्षं हाडांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढल्यावर हात आपोआप तिकडे जातो.

परदेशातला हा बारावा दिवस. आठ दिवस बसने डोंगर, तळी पाहून झाली, मग तीन दिवस आगगाडी. काल सकाळी या बंदराच्या गावात उतरताना काकांचा पाय फलाटाच्या फटीत गेला आणि घोटा मोडला. दुपारी ऑपरेशन झालं. आता पाच दिवस इस्पितळ, मग कंपनीची गाडी त्यांना शेवटच्या बंदराला आणणार आणि तिथून सगळे विमानाने घरी. मधले पाच दिवस बोटीचे. मावशींनी हा प्रवास ठरवला होता तो त्या बोटीसाठीच.

"माझी बॅग राहू दे," त्या म्हणाल्या. "मी येतेय."

काकांना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. "आणि मी इथे एकटा?"

"एकटे कसे? इथे सहा पेशंटना एक नर्स आहे. आमच्याकडे चाळिसांना एक होती."

"यांची भाषा कळत नाही गं मला."

मावशींनी पर्समधून कागद काढला. पाण्याचा ग्लास, उशी, संडास, दुखरा पाय अशी वेडीवाकडी चित्रं, आणि खाली वॉर्डातल्या नर्सकडून लिहून घेतलेले तिथले शब्द. "हवं त्यावर बोट ठेवायचं."

"म्हणजे तू बोटीवर, आणि मी बोट ठेवत बसू?"

टूर मॅनेजरने हसू दाबलं. काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "आई, बाबांना असं टाकून जातेस? लोक काय म्हणतील?"

"तुझ्या आजीच्या उशाशी सहा वर्षं बसले. तुझ्या दोन्ही बाळंतपणांना बसले. या घोट्याला बसायची गरज असती तर बसलेच असते. विचारलं कुणी, तर सांग, आई बोटीवर आहे."

त्यांनी काकांच्या पायाखालची उशी सारखी केली, चष्मा आणि फोन हाताला येईल असे ठेवले. "येते मी," म्हणाल्या. काका वळले नाहीत. दारापाशी मावशींचे पाय अडखळले. एकदा आपण मागे गेलो की पलंगाशेजारच्या खुर्चीत बसणार, आणि बसलो की संपलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या जिना उतरल्या.

दोन दिवस काकांनी फोन उचलला नाही. मावशी बोटीवरून टूर मॅनेजरला वॉर्डात फोन करायला लावून तब्येत विचारत आणि डेकवर जाऊन बसत. जेवणाच्या टेबलावर समोरची खुर्ची रिकामी असे. पण त्या जेवत.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"काय करतेयस?" काकांनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"बसलेय. समोर पाणी आहे."

चाळीस वर्षांत बायको काहीच करत नसल्याचं काकांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"बस मग," ते म्हणाले.

दोघांनीही फोन ठेवला नाही. मावशींनी तो कानाशी तसाच धरला आणि उन्हासाठी दुसरा हात डोळ्यांवर घेतला. किनारा कुठेच दिसत नव्हता.