ग्लेनिस आत असताना

रॉयस्टन आणि ग्लेनिस ब्रॅडवेल यांच्यात कामांची वाटणी एकतीस वर्षांपूर्वी झाली होती, आणि तीत कुणी कधी ढवळाढवळ केली नव्हती. मोटारीमागे ओढत न्यायच्या त्यांच्या चाकांवरच्या घराच्या, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या, दाराबाहेरचं सगळं त्याचं, आतलं सगळं तिचं. मोटार मागे घेऊन कॅरॅव्हॅन जोडायची, कोपऱ्यांचे चार पाय हँडलनं फिरवून वर घ्यायचे, विजेची केबल काढायची, सिलिंडर बंद करायचा, हे तो बघायचा. ती कपाटांच्या कड्या लावायची, बशांच्या मधे पुसणी घालायची, फ्रिजचं दार अडकवायची, छतातल्या झडपा ओढून घ्यायची. सगळं आवरलं की ती बाहेर येऊन दाराला कुलूप घालायची आणि मागे जाऊन उभी राहायची. मग तो मोटारीत बसून एकेक दिवा लावून दाखवायचा, आणि ती ओरडून सांगायची, "लागला. चल आता, म्हाताऱ्या." तो चाळिशीचा होता तेव्हापासून ती त्याला म्हातारा म्हणत आली होती. आता तो बहात्तर वर्षांचा होता.

त्याची उभी हयात लीड्सच्या डेपोत बसगाड्या दुरुस्त करण्यात गेली होती. वस्तू कशी जोडली आहे हे त्याच्या बोटांना आपोआप कळायचं. म्हणून त्या मे महिन्यात, पहिल्याच मुक्कामावरून निघताना तो दाराखालची पायरी उचलायला विसरला आणि फाटकाच्या खांबाला ती करकरत घासली, तेव्हा दोघंही हसली. वय झालं, असं तो म्हणाला. माझंही झालंय, पण मी अजून खांब पाडत नाही, असं ती म्हणाली.

दुसऱ्या मुक्कामावर सकाळच्या चहाला साबणाचा वास आला. ग्लेनिसनं किटली दोनदा विसळली, तरी वास जाईना. शेवटी ती बाहेर जाऊन बघते, तर पाण्याचा पंप पिण्याच्या पिंपात नव्हताच. भांडी धुतलेलं पाणी ज्या पिंपात साठतं, त्यात तो सोडलेला होता, आणि स्वच्छ पाण्याचं पिंप झाकण लावून शेजारीच ठेवलेलं. रॉयस्टननं ते पाहिलं, कान खाजवला आणि म्हणाला की रात्री वाऱ्यानं पिंपं हलली असतील. वाऱ्यानं पंप उचलून दुसऱ्या पिंपात टाकलेला ग्लेनिसनं तरी कधी पाहिला नव्हता. तिनं चहा गवतात ओतला आणि दिवसभर तिच्या जिभेवर ती साबणाची चव राहिली.

तिसरा मुक्काम उत्तर यॉर्कशरच्या माळावर, एका शेतावर होता. जेमतेम पाच कॅरॅव्हॅन मावतील एवढं कुरण, एक नळ, विजेचा एक खांब, आणि संडासाच्या टाक्या रिकाम्या करायला कुंपणाशी एक खड्डा. तिथं मॉरिस नावाचा एक माणूस आधीपासून उतरलेला होता. ट्रक चालवून निवृत्त झालेला, एकटाच, सोबत एक बुटकं कुत्रं. ब्रॅडवेल आले त्याच दुपारी रॉयस्टननं कॅरॅव्हॅनचा हातब्रेक न ओढताच मोटार सोडवली. कुरणाला उतार होता. कॅरॅव्हॅन आपली आपण, काही आवाज न करता, हलायला लागली. मॉरिसनं धावत येऊन चाकाखाली लाकडाचा ओंडका सारला नसता, तर ती सरळ कुंपणात गेली असती. रॉयस्टननं त्याचे आभार मानले, हात पुढे करून स्वतःचं नाव सांगितलं.

दोन दिवसांनी ग्लेनिस टाकी रिकामी करायला खड्ड्याशी गेली, तेव्हा मॉरिसही आपली टाकी घेऊन आला होता. ही काही गप्पांची जागा नव्हे. तरी तो रेंगाळला.

"बाई, राग मानू नका," तो म्हणाला. "पण तुमच्या यजमानांनी कालपासून तीनदा माझ्याशी नव्यानं ओळख करून घेतलीय."

नावं त्याच्या कधीच लक्षात राहत नाहीत, असं ग्लेनिस म्हणाली.

मॉरिस टाकी विसळत राहिला. मग त्यानं विचारलं, "तुम्हाला कॅरॅव्हॅन जोडता येते का? ओढता येते?"

एकोणीस वर्षांपूर्वी तिनं एकदा रिकाम्या बाजाराच्या मैदानात ओढून पाहिली होती. मागे घेता मात्र कधीच आली नव्हती. तिनं तसं सांगितलं. त्यावर मॉरिसनं मान हलवली आणि एवढंच म्हणाला की निघण्याआधी सगळं एकदा आपल्या डोळ्यांनी बघून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुत्र्याला घेऊन निघून गेला. कुरणात ब्रॅडवेलांची एकटीच कॅरॅव्हॅन उरली.

त्या दिवशी ग्लेनिस कचरा टाकायचं निमित्त करून चार वेळा बाहेर गेली. सिलिंडरची चावी चाचपली, पाय टेकलेत का ते वाकून पाहिलं, हातब्रेकला हात लावला. चौथ्या वेळी ती वळली तर रॉयस्टन मागेच उभा होता.

"माझ्यामागं तपासणी करत फिरतेस?" त्यानं विचारलं. आवाज चढला नव्हता. "एकतीस वर्षांत मी तुला कुठं आपटलं का, ग्लेन?"

"अजून नाही," ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि परत घेता आला नाही. त्यानं रात्री टोस्टवरचे बीन्स तसेच ठेवले. दोघं एकमेकांकडे पाठ करून झोपली. तो जागाच होता, हे तिला श्वासावरून कळत होतं.

सकाळी ऊन पडलं होतं, वारा अजिबात नव्हता. माळावर टिटव्या ओरडत होत्या. त्यांना समुद्रकाठी जायचं होतं. तिथं उतरणारा जवळचा रस्ता म्हणजे नुसता कडा, चार फुटांना एक फूट उतार, आणि कॅरॅव्हॅनला तिथं बंदी. त्यामुळे लांबच्या रस्त्यानं वळसा घालून जायचं ठरलं होतं. रॉयस्टननंच कधीकाळी नकाशाच्या पुस्तकात त्या उतारावर लाल फुली मारून ठेवली होती. न्याहारीला तो दोन वाक्यं बोलला, दोन्ही हवेबद्दल. मग जोडायला बाहेर गेला.

ग्लेनिस आवरत होती. तिचं मन आत नव्हतं, कान बाहेर होते. हँडल फिरल्याची करकर आली. एक पाय, दोन, तीन, चार. चारही झाले. मग मोटारीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर कॅरॅव्हॅनचा आकडा बसल्याचा खणकन आवाज. तिला हायसं वाटलं. उगाच बोललो आपण, असंही वाटलं. मोटारीचं दार लागलं. आता तो दिव्यांसाठी थांबेल, म्हणून ती न्हाणीत शिरली आणि आरसा हलू नये म्हणून त्याच्या कडेला टॉवेल कोंबायला लागली.

पायाखालची जमीन सरकली.

आधी तिला वाटलं चक्कर आली. मग मागून जोरात हिसका बसला आणि काहीतरी तुटल्यासारखा आवाज झाला. तिनं मागच्या खिडकीतून पाहिलं. विजेची नारिंगी केबल खांबातून उपटून आली होती आणि गवतावरून त्यांच्यामागे फरफटत होती. कुरणातला नळ मागे जात होता.

ती ओरडली. त्याचं नाव घेऊन ओरडली, दोन्ही मुठींनी भिंत बडवली. फाटकाशी जमिनीत गुरं अडवायच्या लोखंडी सळ्या होत्या, त्यांवरून चाकं गेली तशी अख्खी कॅरॅव्हॅन उडाली. न लावलेलं एक कपाट उघडलं आणि मुरंब्याची बरणी तिच्या पायाशी फुटली. दार उघडून उडी मारावी असं मनात येईतो ते डांबरी रस्त्याला लागले होते आणि वेग वाढला होता. फोन पर्समध्ये होता. पर्स तिनं न्याहारीनंतर स्वतःच मोटारीत नेऊन ठेवली होती.

कॅरॅव्हॅन चालू असताना आत कुणी बसायचं नसतं. का बसायचं नसतं हे ग्लेनिसला आता हाडांत कळत होतं. फरशी सारखी एका बाजूला घसरायची आणि परत यायची. ती रांगत, बाकांना धरत पुढच्या खिडकीशी गेली. समोर हातभर अंतरावर त्यांच्याच मोटारीची मागची काच होती, आणि तीतून रॉयस्टनचं डोकं, खांदे, सगळं स्वच्छ दिसत होतं.

तो बोलत होता.

डावीकडे, तिच्या रिकाम्या जागेकडे मान वळवून तो काहीतरी सांगत होता. मग थांबायचा, उत्तराची वाट बघावी तसा. मग पुन्हा सुरू. एकदा त्यानं डावा हात उचलून त्या सीटच्या दिशेनं थोपटल्यासारखं केलं.

पुसणं हातात घेऊन ग्लेनिस काचेसमोर जोरजोरात हलवायला लागली. रॉयस्टननं वर, आतल्या आरशात पाहिलं. त्या आरशात तिच्याखेरीज दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं. त्यांची नजरानजर झाली. आणि त्यानं स्टिअरिंगवरचा हात जरासा उचलून तिला सलाम केला. रस्त्यात समोरून दुसरी कॅरॅव्हॅन आली की अनोळखी माणसाला करतात, तसा. तोंडावर तेच सभ्य हसू. मग तो पुन्हा शेजारच्या सीटकडे वळला.

तिचा हात खाली आला. त्यानंतर ती ओरडली नाही.

पुढे फाटा आला. लांबचा रस्ता उजवीकडे होता. मोटार डावीकडे वळली. फाट्यावरची पाटी खिडकीजवळून गेली, कॅरॅव्हॅनचं चित्र आणि त्यावर आडवी लाल रेघ. उतार आता दीड-दोन मैलांवर होता. ग्लेनिस खिडकीपासून मागे सरली, फरशीवर बसली, बाकाला पाठ लावली आणि टेबलाचा पाय दोन्ही हातांनी कवटाळला. आकडा नीट अडकलाय का, हे तिला माहीत नव्हतं. चार पाय वर गेले एवढंच तिनं ऐकलं होतं. बाकीचं त्याच्या बोटांवर होतं.

उताराच्या तोंडाशी दगडी कठडा दुरुस्त करायचं काम चाललं होतं, म्हणून ते वाचले. दुसरं काही कारण नाही. पिवळं जाकीट घातलेल्या एका माणसानं थांबायचा फलक त्यांच्याकडे फिरवला आणि रॉयस्टननं, शिस्तीत, ब्रेक लावला.

ग्लेनिसनं दार ढकललं. खाली पायरी नव्हती. ती गुडघ्यावर आपटली, उठली, आणि लंगडत मोटारीकडे धावली. फलकवाल्याचा आ वासलेलाच राहिला. "अहो बाई, तुम्ही आत होता?" एवढं त्यानं विचारलं. तिनं काच ठोठावली. रॉयस्टननं ती खाली केली आणि नवलानं तिच्याकडे पाहिलं.

"ग्लेन," तो म्हणाला, "तू कधी उतरलीस?"

तिनं आत पाहिलं. तिच्या सीटवर पर्स होती. आणि त्या रिकाम्या सीटला त्यानं पट्टा नीट बांधलेला होता.

"रॉय, मी कुठं होते?"

"इथंच की." त्यानं सीटवर हात ठेवला. "बोलत नव्हतीस. कालचा राग. शेतापासून तुझी माफी मागतोय मी, तर तू एक शब्द..."

त्याचा हात पट्ट्यावरून फिरला, पर्सवरून फिरला, आणि थांबला. त्यानं तिच्या रक्ताळलेल्या गुडघ्याकडे पाहिलं, मग आरशात, मागे, उघड्या दाराकडे. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. ग्लेनिसनं खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि काढून घेतली. तो खाली उतरला, मोटारीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला, तो बांधलेला पट्टा सोडवला आणि पर्स मांडीवर घेऊन बसला.

कामगार भले निघाले. त्यांनी दोन्हीकडची वाहनं अडवून धरली, कॅरॅव्हॅन सोडवली, हातांनी ढकलत उलटी फिरवली. सोडवताना फलकवाल्यानं ग्लेनिसला एक गोष्ट न बोलता दाखवली. आकडा निसटला तर कॅरॅव्हॅनचा ब्रेक आपोआप ओढणारी जी तार असते, ती अडकवलेलीच नव्हती. लोंबकळत, डांबराला घासून तिचं टोक चकाकत होतं.

पुन्हा जोडताना तिनं रॉयस्टनला विचारलं की काय काय करायचं. त्यानं बसल्या जागेवरून सगळं सांगितलं. गोळा, आकडा, खिटी, तार, दिव्यांचा प्लग, हातब्रेक. एकही गोष्ट चुकली नाही, क्रमसुद्धा नाही. त्या सगळ्या सकाळीत तिला सगळ्यात जास्त भीती वाटली ती ते ऐकताना.

तिनं ताशी वीस मैलांनी ती शेतापर्यंत परत ओढत नेली. मागे वाहनांची रांग लागली, कुणी भोंगे वाजवले, तिनं मान वळवली नाही. शेतकरीणबाईनं काही न विचारता गोठ्यामागच्या शेडमध्ये कॅरॅव्हॅनला जागा करून दिली आणि ग्लेनिसच्या गुडघ्याला पट्टी बांधली. सोमवारी डॉक्टरांना फोन करायचा, हे ग्लेनिसनं तिथल्या खुर्चीत बसल्या बसल्याच ठरवलं. रॉयस्टन अंगणात कोंबड्या बघत उभा होता.

दुपारी दोघं नुसत्या मोटारीनं घरी निघाली. ती चालवत होती. दहा मैलांवर त्यानं आरशात पाहून विचारलं की मागची कुठं गेली. तिनं सांगितलं, शेतावर ठेवली. त्यानं मान डोलावली. थोड्या वेळानं तेच विचारलं, आणि तिनं तेच सांगितलं. लीड्स येईपर्यंत तिचा आवाज तसाच, शांत होता. तो तसा ठेवायला किती ताकद लागते, हे तिला त्या प्रवासात कळलं.

घरासमोर गाडी थांबली तसा रॉयस्टन आधी उतरला. त्याच्या खिशात घराची किल्ली होती, नेहमीच असायची. तो पायवाटेनं दारापर्यंत गेला, बूट पायपुसण्यावर घासले, आणि बेल वाजवली. मग टोपी काढून हातात धरली आणि आतून कुणी येतंय का याची वाट बघत उभा राहिला.