तिची मर्जी

जयसिंगरावांना वाद घालायला आवडायचं आणि त्या गावात त्यांच्याशी वाद घालणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. ते दूध संस्थेचे चेअरमन, मी उपकेंद्रातली नर्स. गाव गारगोटीच्या अलीकडचं, साल शहाण्णव. त्यांच्या राजवीरला गोवराची लस टोचायला मी तीनदा त्यांच्या घरी गेले. तिन्ही वेळा चहा मिळाला, पोराचा दंड काही मिळाला नाही.

“माझं पोरगं, माझी मर्जी,” ते म्हणायचे. “बाकीच्यांनी टोचून घेतलंय न्हवं? मग त्यास्नी कसली भीती?”

“नऊ महिन्यांच्या आतल्या पोरांना ही लस देत नाहीत. ती तुमच्या पोराच्या भरवशावर असतात.”

“मग त्यांच्या आयांनी सांभाळावं की.”

आणि हसायचे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. माणूस अडाणी असता तर मी समजावलं असतं, पण हे बी.ए. होते.

फाल्गुनात चार वर्षांच्या राजवीरला गोवर निघाला. तिसऱ्या दिवशी जयसिंगरावांच्या आईनं, सरुबाईनं, देवीचा दहीभात घातला. त्या घरची रीत अशी, की गोवराची देवी अंगावर असतानाच गल्लीतली पाच लेकरं जेवायला बसवायची आणि आजारी पोरानं आपल्या हातानं प्रत्येकाला पहिला घास भरवायचा. मला कळलं तशी मी पायात चप्पल अडकवून धावले.

चार पोरं मोठी होती, मीच टोचलेली. पाचवा गुंडू, सात महिन्यांचा, आई तानाबाईच्या मांडीवर. तो पोटात असतानाच तिचा नवरा वारला होता. दोन म्हशींवर तिचं घर चालायचं आणि दोन्हींचं दूध जयसिंगरावांच्या संस्थेत जायचं.

“हिला घरी जाऊ द्या,” मी म्हणाले. “या बाळाला लागण झाली तर जिवावर बेतेल.”

सरुबाईनं माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. मी बौद्ध. देवीच्या जेवणात मी आडवी आले, हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. जयसिंगराव मात्र शांत होते.

“ताने, आमची काय जबरदस्ती न्हाय,” ते म्हणाले. “बस, न्हायतर जा. तुझी मर्जी.”

तानाबाईनं आधी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

“बसतो की, मालक.”

राजवीरच्या तोंडभर पुरळ होतं, नाक वाहत होतं. खोकत खोकतच त्यानं गुंडूच्या ओठाला भात लावला. गुंडूनं त्याचं बोट चोखलं, बायका कौतुकानं हसल्या. मी तानाबाईचा हात धरून तिला ओढत नेऊ शकले असते. पण मला गारगोटीला बदली हवी होती आणि त्यासाठी जयसिंगरावांचा शब्द लागणार होता. सरुबाईनं पत्रावळ पुढं केली तेव्हा मी दहीभात खाल्लासुद्धा. चांगला झाला होता.

राजवीर आठवड्यात खेळायला लागला. गुंडूला अकराव्या दिवशी ताप आला, मग पुरळ उठलं, मग छाती भरली. कोल्हापूरला न्यायला जयसिंगरावांनी स्वतःची जीप दिली, डिझेल घालून. मी मागं तानाबाईशेजारी बसले होते. कळंब्याच्या तळ्यापाशी गुंडूचा श्वास थांबला. शहर येईपर्यंत ती त्याला पदराखाली घेऊन पाजायला बघत होती. मी तिला सांगितलं नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

तिसऱ्या दिवशी जयसिंगराव तिला भेटायला तिच्या घरी आले. मी तिथंच होते.

“वाईट झालं,” ते म्हणाले. “जीप दिली, डायवर दिला. आनि त्या दिवशी सगळ्यांच्या देखत इचारलं हुतं मी हिला. व्हय की न्हाय, बाई?”

प्रश्न मला होता. तानाबाई माझ्याकडं बघायला लागली. वादात मी या माणसाला कधी सोडत नाही, हे तिला माहीत होतं.

“विचारलं होतं,” मी म्हणाले.

तिनं मान खाली घातली.

“व्हय,” ती म्हणाली. “मालकांनी इचारलं हुतं. मीच बसलो.”

मग तिनं कोपऱ्यातली चरवी उचलली आणि ती धार काढायला गेली. संस्थेत दूध घालायची वेळ झाली होती.